कुणी न पाहिलेला स्पर्श

"जरा ह्या टाचण्या पकड ना," म्हणत त्यानं माझ्या तळहातावर चार टाचण्या ठेवल्या. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर तो एक लेख लावत होता. मी मथळा वाचला आणि माझे कान तापले – 'हरायला शिकवणारे कोच कशाला?'

"हे तू लिहिलं?"

"हो. मी प्रशिक. आवडलं?"

"कबड्डीची मॅच पाहिली होती?"

"नाही... पण एका गुणानं फायनल हरलो, हे साऱ्या कॉलेजले माहीत हाये."

"त्यांच्या शेवटच्या चढाईत समोरच्या पोरीचं बोट माह्या खांद्याले लागलं. पंचाले दिसलं नाही. मीच हात वर केला अन् बाहेर गेली. सोनिका नाव माझं."

टाचण्या परत देऊन मी निघाले.

आमच्या कोचनी, नत्थूजी सरांनी, आम्हाला हेच शिकवलं होतं. आणि म्हणूनच त्यांना ठेवायचं की काढायचं, ते पुढच्या शुक्रवारी क्रीडा समितीच्या सभेत ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक मैदानावर हजर, मातीत पांढरेशुभ्र बूट घालून. सरांनी बूट काढायला लावले आणि त्याला सरळ बचावात उभं केलं.

"पंच कुठं हायेत?" त्यानं विचारलं.

"सरावात पंच नसते गा," मी म्हटलं. "ज्याले लागलं, त्यानंच सांगायचं."

मी चढाईला गेले. तो मागे सरकला... पण माझी बोटं त्याच्या मनगटाला लागलीच – अगदी हलकेच. तो तसाच उभा राहिला. मुली कमरेवर हात ठेवून थांबल्या. खेळच थांबला. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग हात हळूच वर गेला.

"शाब्बास," सर म्हणाले.

मग तो रोजच येऊ लागला.

"काहून येऊन राहिला रोज?"

"लिहायले."

"वही कुठं हाये?"

"...विसरलो."

चौथ्या दिवशीही विसरला. मला राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता याचाच राग येत होता.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी प्रशिकचाच लेख वाचून दाखवला. "हे विद्यार्थ्यांचं मत आहे," ते म्हणाले. सर मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर गेला.

"लेख माझा हाये. मॅच न पाहता लिहिला. चूक माझी." प्रशिक उठून उभा राहिला. "तीन वर्षांत वर्गात शिकलो नाही, ते सरांनी मले एका सकाळी शिकवलं."

आमच्या बाराही मुलींनी हात वर केले. मग इतरांनीही. समितीला ऐकावंच लागलं; सर राहिले. मला त्यांचा अभिमान वाटला, आमच्या हरलेल्या संघाचा वाटला, आणि त्या वहीविसऱ्याचा जरा जास्तच वाटला.

संध्याकाळी सीताबर्डीच्या चौकात मी घरी, हुडकेश्वरला, जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. तोही होता.

"तुझं घर तर दुसऱ्या बाजूले हाये."

"हो."

"मग काहून थांबून राहिला?"

मी त्याच्या खांद्याला एक बोट लावलं. त्या गर्दीत कुणाला दिसलंही नसतं.

प्रशिकनं भर चौकात हात वर केला. तो बघून एक ऑटो समोर येऊन थांबला.

"कुठं जायचं, भाऊ?"

"कुठंच नाही," माझ्याकडे बघत प्रशिक म्हणाला. "मी बाद झालो."

ऑटोवाला डोकं हलवत निघून गेला. प्रशिकचा हात अजून वरच होता.

मग मीही माझा हात वर केला.