बिनदेवाची जत्रा

"काहून बाई, पान्याले भेता का?"

हर्णैच्या किनाऱ्यावर, घरापासून तीन दिवस आणि सहा एस.टी. गाड्या लांब, सत्यशीलाच्या कानावर हे शब्द पडले आणि लाटेकडे टाकलेला तिचा पाय तसाच थांबला. चहूकडे कोळणींचा कलकलाट, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि त्यात हे 'काहून'? अगदी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर ऐकू यावं तसं, घरचं.

तिनं वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, खांद्यावर जाळं, उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांत... चिडवल्यासारखं हसू.

"भेत नाई," ती म्हणाली. "पान्याचा भरवसा नाई, म्हनून पाहून राह्यली."

"पान्याचा का मानसाचा?"

"दोघायचाबी."

तो हसला. हसणं चांगलं होतं, आणि म्हणूनच सत्यशीलाला पहिली शंका आली. एवढ्या मोठ्या समुद्राच्या काठी नेमका आपल्या तालुक्यातला, नेमका लग्नाच्या वयाचा, आणि वर हसरा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे तिला मान्य होतं. पण हा कावळा थेट केळापूर तालुक्यातून उडत आला होता.

शंका घ्यायला तिच्याकडे कारणं होती, आणि वाटेत तिनं ती नीट जमवून ठेवली होती. तिचे वडील भीमराज मुनेश्वर हे एस.टी.चे ड्रायव्हर, पांढरकवडा-यवतमाळ गाडीवर. ज्या माणसानं कधी सलग चार दिवस रजा घेतली नाही, त्यानं यंदा, चौसष्टच्या मे महिन्यात, पंधरा दिवसांची रजा टाकली आणि घरात सांगितलं, समुद्र पाहायला जायचं.

कारण दिलं होतं, नाही असं नाही. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर भीमराजच्या घरातले देव गेले, आणि देवांबरोबर जत्राही गेल्या. देव गेल्याचं त्यांच्या बायकोला, कांताबाईंना फारसं काही वाटलं नाही. जत्रा गेल्याचं मात्र त्या आठ वर्षं बोलून दाखवत होत्या. "नवस नाई तं नाई, पन मानसानं घराभाईर पडाव का नाई?" शेवटी भीमराजनं तोडगा काढला. "चाल, बिनदेवाच्या जत्रेले नेतो तुले. समुद्राले काई पुजारी नाई."

ऐकायला सगळं गोड. पण मग मायनं ट्रंकेत नवं हिरवं पातळ का घातलं? "उन्हात नको जाऊ, काळी पडशीन," हे दिवसातून चारदा कशासाठी? आणि बाबा भर मे महिन्यात जो खाकी कोट अंगावरून उतरवत नाहीत, त्याच्या आतल्या खिशात ती चिठ्ठी कसली, जी आपण जवळ गेलो की घडी होऊन आत जाते? तिची चुलतबहीण रुक्मा अशीच चार दिवस पाहुणी म्हणून वणीला गेली, ती साखरपुडा करूनच परत आली. तिची मॅट्रिकची पुस्तकं अजून माळ्यावर पडून होती. आणि इथं जूनमध्ये सत्यशीलाचं नाव यवतमाळला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला लागलं होतं. दोन वर्षं ट्रेनिंग, मग स्वतःची शाळा. लग्न ठरलं की ते सगळं माळ्यावर जाणार. पाणी कुठंतरी मुरत होतं, एवढं नक्की.

"नाव काय तुमचं?" तिनं दरडावूनच विचारलं.

"उकंडा. उकंडा नगराळे."

तिला हसू फुटलं.

"हासा," तो म्हणाला. "माह्या आंधी दोन लेकरं झाले, दोनीबी जगले नाई. म्हनून मायनं मले उकिरड्यावर लोळवलं आन् हे नाव ठेवलं. काळाले वाटलं, कचराच हाये, कायले न्याचा."

सत्यशीलाचं हसू विरलं. पण शंका नाही विरली. "आन् इथी काय करून राह्यले?"

"मासे शिकून राह्यलो."

"मासे शिका लागतात?"

"आपल्याकडच्या तलावात सरकार माशायचं बी सोडनार हाये. त्यासाठी मले इकडे ट्रेनिंगले धाडलं. जाळं इनाचं, होडी हाकलाची, भरती-ओहोटी पाठ कराची."

"तलावाले भरती येते?"

"नाई येत. पन परीक्षेत येते," तो म्हणाला.

इतक्यात भीमराज वाळू तुडवत आले, त्यांनी त्या मुलाकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तू नगराळ्याचा नाई का? माह्याच गाडीनं शाळेत येत होता, मांगच्या शिटावर बसून."

"हव मामाजी," उकंडा म्हणाला.

मामाजी. सत्यशीलानं हे कानात अडकवून ठेवलं. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि हा पहिल्याच भेटीत म्हणून मोकळा. बाबांनी आश्चर्याचं सोंगही छान वठवलं, असं तिला वाटलं.

मग काय, परमुलखात आपल्याकडचा पोरगा भेटला तर सोडतो कोण. उकंडाला तीन दिवसांची सुट्टी होती. तो वाटाड्या झाला. आंजर्ल्याची खाडी, दापोलीचा बाजार, केळशीची सुरूची झाडं... त्यानं सगळं दाखवलं. गाडीत भीमराज नेहमी ड्रायव्हरच्या मागं बसत, घाटात वळण आलं की उजवा पाय जोरात खाली दाबत, आणि "गिअर उशिरा टाकला यानं," असं पुटपुटत. कांताबाईंना गाडी लागायची. राहता राहिले दोघे, मागच्या सीटवर, मध्ये डबा ठेवून.

सत्यशीलानं ठरवलं, पाहायला आला आहे ना, मग घे पाहून.

"मले सैपाक येत नाई."

"मले येते," उकंडा म्हणाला.

"झोपेत बडबडाची सवय हाये मले."

"दिवसा काय कमी हाये?"

"राग लवकर येते."

"ते तं दिसूनच राह्यलं."

"आन् मी लग्न करनार नाई. दोन वर्स तं बिलकूल नाई."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "शाळेत पयल्या दिवशी लेकरायले काय शिकवसान?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ट्रेनिंग किती दिवसांचं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. पुढं काय, हे कोणीच नाही.

"आपापलं नाव लिवाले," ती म्हणाली.

"एखांद्याचं उकंडा असलं तं?"

"तं तेबी. पन त्याले सांगीन, उकंडा म्हंजे कचरा नाई. उकंडा म्हंजे वाचलेलं लेकरू."

उकंडानं तिच्याकडं पाहिलं. मुलगी पाहायला आलेले लोक चालणं पाहतात, रंग पाहतात. हा तिच्या तोंडाकडं पाहत होता, तिचं बोलणं अजून संपलं नसावं अशा आशेनं. सत्यशीलाला उगाच घाम फुटला. कोकणातली हवाच दमट, असं तिनं मनाला समजावलं. पण खरी गोष्ट ही की तिला तो आवडायला लागला होता, आणि त्याचा तिला भयंकर राग येत होता. आपल्याला पकडायला लावलेलं जाळं आपल्यालाच आवडावं, याला काय म्हणावं?

तिसऱ्या दिवशी दाभोळच्या खाडीत तिची खात्री पटली. होडी पाण्याच्या मध्यावर होती. पुढच्या टोकाला भीमराजनी कोटातून ती चिठ्ठी काढली, उकंडाला दाखवली, दोघांची डोकी एकत्र आली, मग चिठ्ठी परत खिशात गेली. उकंडा मागं येऊन बसला तो मान खाली घालूनच. चोराच्या मनात चांदणं, सत्यशीला मनात म्हणाली.

गुहागरला पोचल्यावर दुपारी सगळे किनाऱ्यावर गेले. आता आमच्या माणसांची चूक सांगतो. आम्ही नदीकाठची माणसं. पैनगंगेवर गेलं की पाण्याजवळ टणक वाळू पाहायची, तिथं चपला, डबा, कपडे ठेवायचे आणि निवांत हिंडायचं. नदीचं पाणी पावसाळ्याखेरीज जागा सोडत नाही. मुनेश्वर मंडळींनी तेच केलं. वरची वाळू पोळत होती, म्हणून खाली ओल्या वाळूवर चार जोड चपला आणि भाकरीचा डबा ठेवला. घामानं हैराण झालेल्या भीमराजनी आयुष्यात प्रथमच तो कोट उतरवला आणि व्यवस्थित घडी करून डब्यावर ठेवला. मग नवराबायको शिंपले वेचत लांब गेले.

सत्यशीला उकंडासमोर उभी राहिली.

"खरं सांगा. मले पाहाले आले ना तुमी?"

"नाई."

"मंग चिठ्ठीत काय हाये?"

"ते तुमच्या बाबाले इचारा."

"तुमाले इचारून राह्यली मी."

तो नुसता तिच्या खांद्यावरून मागं, पाण्याकडं पाहत राहिला. राग येऊन ती काहीतरी टोचून बोलणार, तोच लांबून कांताबाईंची हाक आली, "अवो माय, चपला गेल्या माह्या..."

समुद्र येऊन डबा उचलून गेला होता. चपला चारी दिशांना तरंगत होत्या, आणि खाकी कोट बाह्या पसरून निघाला होता. उकंडा क्षणभर उभाच राहिला. मग धावला. छातीइतक्या पाण्यात जाऊन त्यानं कोट ओढून आणला. भीमराज आणि कांताबाई चपलांमागं पळत होते. उकंडानं खिशातली चिठ्ठी काढली, तापल्या वाळूवर पसरली, वर एक शिंपला ठेवला आणि तिला म्हणाला, "वाचा."

शाई फुटली होती, पण तिला वाचता आलं. चिठ्ठी रत्नागिरीहून आली होती. मुलगा घनश्याम, कचेरीत कारकून. रविवारी मुलीला घेऊन या. मुलगी शिकलेली आहे हे ठीक, पण यापुढं शिक्षण आणि नोकरी आम्हाला पसंत नाही.

उकंडाचं नाव त्यात कुठंही नव्हतं.

म्हणजे संशय खरा होता, फक्त माणूस चुकीचा धरला होता. जिथं जायचं नाही तिकडं गाडी निघाली होती, आणि ज्याला तीन दिवस टोचलं तो बिचारा खरंच मासे शिकायला आला होता. सत्यशीलाला रडू आलं. ते तिनं गिळलं.

भीमराज धापा टाकत आले. "चिठ्ठी वाचली का? पत्ता पाह्य बरं पोरी. मले तं सारं निळंच दिसून राह्यलं. त्याच्याबिगर घर सापडनार नाई."

पत्ता पुसला गेला, एवढंच म्हणायचं होतं. कोणाला कळलं नसतं. उकंडा पाठ करून सदरा पिळत होता, आणि त्याचे हात थांबले होते.

सत्यशीलानं पत्ता वाचला. आळी, घराची खूण, शेजारचं दुकान, सगळं. आणि मग म्हणाली, "हा पत्ता. पन मी येनार नाई बाबा. तिथी ट्रेनिंग चालत नाई, तं मीबी चालनार नाई."

भीमराज ओला कोट हातात धरून तिच्याकडं पाहू लागले. आपण पोरीला फसवून आणलं, हे त्यांना तिच्या तोंडावर दिसलं असावं. मग त्यांनी उकंडाच्या पाठीकडं एक नजर टाकली.

"हे ट्रेनिंगसाठी म्हनून राह्यली, का दुसरंबी काई हाये?"

"पयले ट्रेनिंगसाठी," ती म्हणाली. "दुसरं... दुसरं मले अजून कोनी इचारलंच नाई."

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. उकंडाच्या हातून सदरा वाळूत पडला.

दुसऱ्या दिवशी भीमराज एकटेच रत्नागिरीला गेले. "शबुद मी देला होता. चिठ्ठीनं नाई मोडनार, समोर जाऊन मोडतो," असं सांगून, अनवाणी. त्यांच्या चपला काही सापडल्या नव्हत्या.

जूनमध्ये सत्यशीला ट्रंक घेऊन बाबांच्याच गाडीत बसली, यवतमाळला जायला. वाटेत मोहद्याला गाडी थांबली आणि ट्रेनिंग संपवून परतलेला उकंडा चढला. स्वच्छ सदरा, भांग पाडलेला. शेजारची जागा रिकामी होती.

"काय योगायोग हाये," तो बसत म्हणाला.

"वेळ कोनं कळवली?"

"मामाजीचं कार्ड आलतं."

सत्यशीलानं पुढच्या आरशाकडं पाहिलं. आरशातले डोळे चटकन रस्त्यावर गेले.

"एक इचारू?" ती म्हणाली. "गुहागरले... भरतीची वेळ तुमाले माहीत नोती?"

गाडीनं गिअर बदलला.

"माहीत होती. तीन वाजून धा मिनिटं."

"मंग बोलले काहून नाई?"

"होडीत मामाजीनं चिठ्ठी दाखवली. तिकडची मानसं कशी हायेत, माहीत हाये का म्हने. तवापासून माहं डोकंच चालेना. मंग कोट पाह्यला, पानी येताना पाह्यलं... आन् तोंडच उघडलं नाई माहं. चिठ्ठी गेली तं जाऊ दे म्हनलं."

"आन् मंग धावले कायले?"

"ते चोरी झाली अस्ती. ठरवाचं तुमी होतं, समुद्रानं नाई."

बाहेर तुऱ्हाट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे ढीग मागं पळत होते. सत्यशीला ते पाहत राहिली. या माणसानं एवढ्या मोठ्या पाण्याला तिच्यासाठी वाट दिली होती आणि तिच्याचसाठी अडवलंही होतं.

"म्हंजे मले पाहाले आलो नाई म्हनले, ते खोटं होतं," ती म्हणाली.

"आलो नोतो. पन पाह्यलं." त्यानं ओठ ओले केले. "ते दुसरं... जे तुमाले कोनी इचारलं नाई म्हनत होत्या... ते आज मी इचारतो. ट्रेनिंग होऊ द्या. दोन वर्स थांबतो मी. मंग माह्यासंगं याल का?"

गाडी चढाला लागली होती, इंजिन गुरगुरत होतं. खिडकीच्या गजाला धरून, बाहेर पाहत, ती म्हणाली, "हव."

"आं? आवाजात ऐकू नाई आलं."

त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं, असा सत्यशीलाला पक्का संशय आला. तरी तिनं पुन्हा सांगितलं.