फडक्यावरचा लाल डाग

अबोलीचा डावा डोळा उघडत नव्हता. माशी डसली होती गालाला, पापणीच्या जरा खाली; हिंदी मुलखात वाढलेली पोर मात्र डोळाच धरून रडत होती, "आजी, जल रहा है."

गच्चीवरून तिला तिच्या बापानं, अभिरामनं, उचलून आणलं होतं. सून शर्वरी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली धरून उभी होती. माहेरी आलेली लतिका वहिनीवर तुटून पडली: गांधीलमाशीला आंबट लावतात म्हणून हिनं सिरका डोळ्यात घातला. शर्वरी सांगत होती, नुसतं फडक्यानं पुसलं, बाटलीचं बूचही काढलं नाही. अभिरामनं हात पाठीमागे घेतले.

देवयानीबाई नातीकडे धावल्या. घाबरल्या की त्यांची जीभ जास्तच चालायची. "लतिके, तोंड आवर. फडकं कुठंय?"

फडकं ओट्यावर होतं. हळदीचे हात पुसून पिवळंधमक झालेलं, मधोमध लाल डाग.

"रक्त," लतिका मागे सरली.

अबोलीच्या गालावर ओरखडाही नव्हता. बाईंनी पोरीला ओढत नळाखाली नेलं. "शर्वरी, पापण्या उघडून धर. धार थांबवायची नाही." मग मुलाकडे वळल्या. "हात दाखव."

"कशाला?"

"दाखव."

डाव्या तळव्यावर तंबाखूची भुकटी, उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरं.

"सिरक्यानं हळद पिवळीच राहते," बाई म्हणाल्या. "लाल होते ती चुन्यानं. आमची आई असंच कुंकू करायची. घरात पान कुणी खात नाही, मग चुना आला कुठून? गच्चीवर पोरीजवळ होतं कोण?"

अभिरामनं मान खाली घातली. "मधमाशी वाटली. मधमाशीला चुना, तूच सांगतेस. अबोलीनं तो चोळला, डोळ्यात गेला."

"आणि बायकोवर आळ आला तेव्हा?"

"तंबाखू कळली असती तुला."

चाळिशीचा बाप्या, लेकीचा डोळा जळत असताना आईला भ्याला होता.

बराच वेळ डोळा धुतल्यावर त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय गेलंय? अभिरामनं आधी आईकडे पाहिलं. बाई उठून बाहेर गेल्या. दाराआडून त्याचा आवाज ऐकू आला, "चुना, डॉक्टरसाहब. मैंने लगाया था."

खूप वेळानं शर्वरी बाहेर आली. नजर वाचेल म्हणाले, लगेच धुतलं म्हणून.

तेव्हा कुठे बाईंनी सुनेचा दंड धरला आणि तिथंच बाकावर बसल्या.