आठवी तार

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी धड केला असता.

१९६३. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे साडेदहा. बंगळूरच्या एका इस्पितळातली मागची खोली.

माझे थोरले भाऊ, त्रिविक्रम अण्णा, तिथे यंत्रं बनवत. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून त्यांनी मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र केलं होतं. डोक्याला आठ तारा, कागदावर आठ पेनं. मी तारा लावायची, रेघा मोजायची.

रोज पहिल्या पेशंटआधी तारा एका मडक्याला लावून बघायच्या. मडक्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलेलं. मडक्याला कुठला मेंदू? आठही रेघा सरळ आल्या की यंत्र ठीक.

त्या दिवशी सात सरळ आल्या.

आठवी... हलली.

संथ, मोठी लाट.

"पुन्हा हीच तार!" अण्णा चिडले.

महिन्यापूर्वी चामराजपेटचे कृष्णाजी शिंपी डोकं दुखतं म्हणून आले होते. त्यांचीही आठवी रेघ अशीच हलली. तार सैल असेल म्हणून अण्णांनी त्या रेघेवर लाल फुली मारली, म्हणजे ती धरायची नाही. बाकी सात ठीक होत्या. डॉक्टरांनी घरी पाठवलं.

बाराव्या दिवशी ते गेले.

आता अण्णांनी मडक्यावरची आठवी तार बदलली. लाट तशीच.

पंखा बंद केला.

तशीच...

मला अण्णांचाच संशय आला. पायाने टेबल हलवताहेत का, म्हणून वाकून खाली त्यांचे पाय बघितले. स्थिर होते.

"कण्णु बिडी, स्वामी," अण्णा हसत मडक्याला म्हणाले. डोळे उघडा, असं आम्ही पेशंटांना कन्नडातच सांगायचो; उघडल्यावर लाट थांबते का, ते बघायला.

पेन हलतच राहिलं.

कृष्णाजी मात्र आमच्यासारखेच मराठी; त्यांच्याशी मी घरची भाषा बोलले होते. का कोण जाणे, हळूच म्हटलं, "काका, डोळे उघडा."

पेन थांबलं.

अण्णांचं हसू गेलं.

"राजी, कृष्णाजी आले तेव्हा तार सैलच होती ना? तू हात लावून बघितलीस ना?"

"हो, अण्णा."

पेन... पुन्हा हलायला लागलं.

मी तार बघितलीच नव्हती.

अण्णा जाईपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढताना कानाशी कुणी म्हणालं, "अक्का, डोळे उघडा."

मराठीत.

त्या खोलीत मराठी येणारं कुणीच नव्हतं.