मांडीवर न येणारा ससा

"लागला! अगं बाई, हाताला लागला!" ती आनंदानं किंचाळलीच.

डोळ्यांवर हेडसेट, समोर हिरवंगार अंगण आणि अंगणात तिनं महिनोन्महिने खपून घडवलेला पांढरा ससा. आजवर त्याला कुरवाळायला गेलं की हाताला नुसती हवा लागायची. आज मात्र... मऊ, दाट, कोमट केस! तिनं दोन्ही हात त्यात खुपसले.

"अहो, जरा हळू," ससा म्हणाला.

तिनं हेडसेट ओढून काढला. समोर एक तरुण गुडघ्यांवर बसला होता. खाली पडलेलं पेन उचलायला वाकला असावा बिचारा. केसांची पार रया गेली होती.

"मी जनावरांचा डॉक्टर. तुमच्या खेळासाठी सल्ला द्यायला बोलावलंय," तो म्हणाला. "असं स्वागत सगळ्यांचंच करता?"

"फक्त... सशांचं," ती कशीबशी म्हणाली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

ऑफिसात तिला सगळे 'वादळ' म्हणत. बोलायला लागली की थांबायची नाही, चालायला लागली की कुठल्या ना कुठल्या टेबलाला धडकायचीच. हा खेळ तिच्याच डोक्यातून निघालेला. घरातल्या सगळ्यांनी हेडसेट चढवायचे, एकाच अंगणात उतरायचं आणि मिळून एक ससा सांभाळायचा. खेळता खेळता मुलांना प्राणी समजावेत, एवढीच इच्छा.

डॉक्टरनं हेडसेट चढवला. ससा टुणटुण उड्या मारत आला आणि थेट त्याच्या मांडीत बसला.

"गोड आहे ना?" तिला राहवेना.

"गोड आहे. पण हा ससा नाही, निवडणुकीतला उमेदवार आहे. दिसेल त्याच्या गळ्यात पडतो!"

खरं तर राग यायला हवा होता, पण तिला हसूच फुटलं.

तो मात्र गंभीर झाला. "सशाला उचललं की त्याला वाटतं, शिकाऱ्यानं धरलं. जिवाच्या आकांतानं लाथा झाडतो तो. त्यात पाठीचं हाडसुद्धा मोडतं. परवाच एक आला होता माझ्याकडे. त्याला उचलणारी पोरगी त्याच्याहून जास्त घाबरली होती. तुमच्या खेळातून मुलं काय शिकणार? ससा दिसला की उचला?"

वादळ गप्प बसलेलं ऑफिसनं पहिल्यांदाच पाहिलं.

"मग... कसा हवा?"

"मांडीवर न येणारा. ज्याची वाट बघावी लागते, असा."

आणि मग काय, कामाला नुसतं उधाण आलं! तो दर दोन-चार दिवसांनी यायचा आणि सशाची काही ना काही नवी खोड सांगायचा. सांगून भागलं नाही की जमिनीवर बसून करून दाखवायचा.

"डॉक्टर, तुमचं नाक फार सुरेख हलतं हो."

"लहानपणापासूनचा सराव आहे. कौतुक मात्र आजच झालं."

"आणि ससा खूश झाला की काय करतो?"

"उंच उडी मारतो आणि हवेतच गिरकी घेतो."

"दाखवा ना!"

"कंबर मोडली तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात की!"

"जनावरांचा!" असं म्हणत त्यानं खरंच उडी मारली. पेनांचा डबा आडवा, चहाचा कप आडवा, आणि हसून हसून तीही आडवी व्हायची बाकी राहिली.

हळूहळू जिन्यातली त्याची पावलं तिला ओळखू यायला लागली. ती वाजली की बोटं उगीचच काहीबाही टाइप करत सुटायची. एकदा त्याच्या हेडसेटचा पट्टा सैल करताना तिची बोटं त्याच्या कानाला लागली. तो श्वास रोखून बसला. तीही...

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"अजून... थोडंसं," ती म्हणाली. पट्टा तर केव्हाच सैल झाला होता.

कंपनीच्या मालकीणबाईंना मात्र नवा ससा पटेना. "मांडीत येत नाही? मग मुलं करणार काय?"

"वाट बघतील," ती म्हणाली.

"आजकालची मुलं? वाट?" बाई हसल्या. "रविवारी एक कुटुंब खेळून बघणार आहे. फजिती झाली तर जुना ससा परत आणायचा. पुन्हा चर्चा नाही."

रविवारी आई, आजोबा आणि दोन जुळ्या मुली आल्या. हेडसेट चढवताच मुली आरडाओरडा करत सशामागे धावल्या. ससा झुडपात गडप!

"माणूसघाणा दिसतोय!" आजोबा गरजले. पडद्यावर सगळं बघणाऱ्या बाईंनी भुवया उंचावल्या.

एक बटण दाबलं असतं तर ससा धावत बाहेर आला असता. तिचा हात पुढं गेलाही...

"थांबा," शेजारून डॉक्टर कुजबुजला. "येईल तो."

तेवढ्यात आई खाली बसली. तिचं बघून मुली बसल्या. आजोबा काही बोलणार, तोच एकीनं दटावलं, "आजोबा, गप्प! तो घाबरतोय ना!"

आजोबाही गप्प बसले. झुडूप हललं. आधी नाक, मग कान, मग अख्खा ससा! त्यानं आजोबांचं बोट हुंगलं आणि त्यांच्याजवळच धपकन कुशीवर पडला.

"अगं बाई, मेला!" आई ओरडली.

खेळातला आवाज हळूच म्हणाला, "घाबरू नका. त्याला तुमच्याजवळ सुरक्षित वाटतंय, म्हणून तो आडवा झालाय."

आजोबांनी हेडसेट काढला तेव्हा डोळे ओले होते. "चष्मा घट्ट आहे तुमचा," ते पुटपुटले.

"हाच ससा ठेवू," बाई म्हणाल्या.

ती उड्या मारतच वळली... आणि थबकली. शेजारची जागा रिकामी होती.

आठवडा गेला तरी जिन्यात ती पावलं वाजली नाहीत. शेवटी तिनं बाईंनाच विचारलं.

"डॉक्टर? त्यांचं काम तर पहिल्या दोन बैठकांतच संपलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, पुढं तूच बोलावतेस."

"मला वाटलं, तुम्ही..."

मग बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, इथं उभी काय राहिलीस? जा की!"

ती धावतच निघाली. दवाखान्यात मांजरं, कुत्री, एक पोपट आणि त्यांची माणसं दाटीवाटीनं बसली होती.

"तुमचं जनावर कुठंय?" दारातल्या मदतनिसानं विचारलं.

"आत आहे," धापा टाकत ती म्हणाली. "औषधं देतंय."

सगळा बाक खो खो हसला. आवाज ऐकून तो बाहेर आला आणि जागीच खिळला.

"न सांगता का गेलात?" इतक्या लोकांसमोर आपण विचारतोय, याचंही तिला भान नव्हतं.

"यायला कारण उरलं नव्हतं. आणि आधीही... पहिल्या दोन वेळा सोडल्या, तर नव्हतंच."

"मग कशाला येत होतात?"

त्यानं बाकाकडे पाहिलं. पोपटवाल्या आजींनी पदर सावरला, कान टवकारले. त्याच्या कपाळावर घाम आला, पण नजर हटली नाही.

"तुला बघायला," तो म्हणाला.

तुला! 'अहो'चा 'तू' कधी झाला, हे त्यालाही कळलं नसावं. तिला मात्र लख्ख ऐकू आलं.

"एवढे पेशंट तपासतो. मग जरा पाय मोकळे करायला जाऊ. येशील?"

"चल..." ती म्हणाली. मग जीभ चावून हसली. "म्हणजे, तपासून घे आधी. मी बसते."

आजींनी सरकून तिला जागा करून दिली.