अठरा मीटर

विमानात काहीही बिघाड नव्हता. टाकीत इंधन पुरेसं होतं, आभाळ निरभ्र होतं, वारा जेमतेम पान हलवण्याइतका. पक्षीही आडवा आला नव्हता. विमान चालवत होती स्क्वाड्रन लीडर ऋतुजा भंगाळे, आणि त्या दिवशीचं उभं रिंगण (विमान सरळ वर चढतं, उलटं होतं आणि खाली येऊन पुन्हा सरळ होतं, असा आकाशातला मोठा गोल) तिनं त्याआधी दोनशेपेक्षा जास्त वेळा काढलं होतं. तरीही एकोणीस एप्रिल २०४९ या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, चार हजार माणसांच्या डोळ्यांदेखत तिचं विमान नांदवेल गावाबाहेरच्या केळीच्या बागेत शिरलं.

असं का झालं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जे सांगत होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

हवाई दलातले वैमानिक वर्षातून एकदा आपापल्या गावाजवळच्या तात्पुरत्या धावपट्टीवर विमान घेऊन जातात आणि गावकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवतात, अशी प्रथा तेव्हा सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नांदवेलची पाळी पहिल्यांदाच आली होती. तापीकाठच्या त्या छोट्या गावातून एक मुलगी लढाऊ विमानापर्यंत पोचली, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! पण अपघातानंतर आठवडाभरातच त्याच तोंडांनी वेगळी भाषा सुरू केली. "माहेरी आली, जरा जास्तच मिरवायला गेली," असं गिरणीत पीठ दळायला आलेल्या बायका म्हणाल्या, तेव्हा अन्वी तिथंच रांगेत डबा घेऊन उभी होती.

अन्वी ही ऋतुजाची भाची. सातवीत शिकणारी. तिनं डबा तिथंच ठेवला आणि घरी न जाता थेट बागेकडे चालू लागली.

तिच्या पोटात एक गोष्ट होती, ती तिनं पप्पांनाही सांगितली नव्हती. उड्डाणाआधी आत्याचा नागरी सत्कार झाला होता. त्यात अन्वीचं 'माझी आत्या' या विषयावर भाषण होतं. चार मिनिटांचं. मध्येच ती विसरली, घाबरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. भाषण अकरा मिनिटं चाललं. व्यासपीठाच्या कडेला आत्या उड्डाणाचा जाड पोशाख घालून उभी होती. कपाळावरचा घाम पुसत होती आणि अन्वीकडे बघून हसत होती. अन्वीला रोज तेवढंच दिसायचं.

बागेत आता माणसं उरली नव्हती. चौकशी मंडळाचे अधिकारी मोठे तुकडे घेऊन केव्हाच गेले होते. मागे राहिलं होतं एक यंत्र. त्याचं सरकारी नाव अवशेष-शोधक क्रमांक सात. पण चार काटक्यांसारख्या पायांवर ते चालायचं, दोन पावलं टाकून थांबायचं आणि मान झटकन खाली घालून मातीतून काहीतरी उचलायचं, म्हणून गावानं त्याला टिटवी म्हणायला सुरुवात केली होती.

करपलेल्या केळींच्या मधोमध ते उभं होतं. अन्वी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तू खरं बोलतेस का?" तिनं विचारलं.

"मला दुसरं काही येत नाही," टिटवी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, पण कठोर नव्हता. "तू कोण?"

"अन्वी भंगाळे. ती माझी आत्या होती."

टिटवीनं मान किंचित तिरकी केली. तिनं नाव यादीत ताडून पाहिलं असावं. "नातेवाइकांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, असा नियम आहे. विचार."

"आत्या मिरवत होती का?"

"नाही. तिनं ठरलेलंच रिंगण ठरलेल्या पद्धतीनं काढलं. पण हवा ठरलेली नव्हती."

"हवा ठरलेली नव्हती म्हणजे?"

"तुला दाखवावं लागेल. पाण्याची बाटली आहे?"

अन्वीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. त्यात स्टीलची रिकामी बाटली होती. टिटवीनं मान वळवली आणि केळीच्या एका फाटक्या पानात अडकलेला फुगा चोचीनं अलगद काढला. समारंभाच्या कमानीवरचा फुगा, हवा गेलेला, त्यावर 'स्वागत' असं छापलेलं. अन्वीला तो हातात घ्यावासा वाटेना. पण तिनं घेतला. टिटवीनं सांगितल्याप्रमाणे बाटली आधी ठिबकच्या टाकीतल्या गार पाण्यात धरली, मग फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर ताणून बसवलं. फुगा लोंबकळत राहिला.

"आता बाटली उन्हात तापलेल्या त्या पत्र्यावर ठेव."

पंपाच्या खोलीचा निखळलेला पत्रा बांधावर पडला होता. त्याला बोट लावलं तरी चटका बसत होता. अन्वीनं बाटली ठेवली आणि दोघी बघत बसल्या. हळूहळू फुगा हलला, थोडा फुगला आणि उभा राहिला.

"बाटलीत हवा कुणी भरली?"

"कुणीच नाही."

"मग फुगा का उठला?"

अन्वीनं विचार केला. "आतली हवा तापली. ती पसरली. तिला जास्त जागा लागली."

"बरोबर. हवेचे कण तेवढेच, पण एकमेकांपासून लांब गेले. आता मोकळ्या मैदानावर काय होईल? तिथं बाटली नाही. हवा पसरून निघून जाते, आणि जिथं आधी शंभर कण होते, तिथं कमी उरतात. याला म्हणतात घनता (ठरावीक जागेत किती कण दाटीनं बसले आहेत, त्याचं माप). सकाळी सात वाजता इथं पंचवीस अंश तापमान होतं. दुपारी बारा वाजता चव्वेचाळीस. सकाळी शंभर कण असतील, तर दुपारी चौऱ्याण्णव."

"सहाच कमी?"

"सहाच. श्वास घेताना तुला कळणारही नाहीत. पण विमानाचा पंख हवेवरच टेकलेला असतो. तो हवेला खाली ढकलतो, तेव्हा हवा त्याला वर उचलते. ढकलायला कण कमी, तर आधार कमी. इंजिनालाही तीच पातळ हवा मिळते, त्यामुळे त्याचाही जोर उतरतो. तू कधी नदीच्या रेतीत पळाली आहेस?"

"हो."

"पळताना एकदम वळलीस तर?"

"पाय सरकतात. रस्त्यावर जवळून वळता येतं, रेतीत लांबून वळावं लागतं."

"दुपारची हवा म्हणजे पंखाखालची रेती. विमानाला वळायला जास्त जागा लागते. रिंगणाच्या माथ्यावरून खाली येऊन सरळ व्हायचं, तेही एक वळणच आहे. फक्त ते जमिनीच्या दिशेनं आहे."

 अन्वीनं वर पाहिलं. वर नुसतं पांढरंफटक आभाळ होतं.

"आत्याला हे माहीत नव्हतं?"

"चांगलं माहीत होतं. प्रत्येक वैमानिकाच्या गुडघ्यावर एक तक्ता बांधलेला असतो. माथ्यावर पोचल्यावर किमान किती उंची हवी, तो आकडा त्यावर असतो. तेवढी उंची नसेल, तर खाली वळायचं नाही, बाजूला निघून जायचं. तिच्या तक्त्यावर नऊशे मीटर होते. आठशे सत्तर वळायला आणि तीस हाताशी राखून. पण तो तक्ता सकाळी सातच्या हवेसाठी काढलेला होता. कारण उड्डाण सातला ठरलेलं होतं."

"मग नवा का नाही काढला?"

"ध्वनिमुद्रणात आहे ते. ऐकायचं आहे?"

अन्वीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. टिटवीनं आत्याचा आवाज लावला नाही. आपल्याच सपाट आवाजात शब्द तेवढे सांगितले.

"अकरा वाजून बावन्न मिनिटं. वैमानिक विचारते, 'दुपारचा तक्ता मिळेल का?' मैदानावरच्या नियंत्रण कक्षातून उत्तर येतं, 'वीस मिनिटं लागतील, मॅडम. लोक उन्हात पाच तास बसलेत, उठून चाललेत.' चार सेकंद शांतता. मग वैमानिक म्हणते, 'ठीक आहे. मी वीस मीटर जास्त ठेवते.' तिनं ठेवले. माथ्यावर ती नऊशे वीस मीटरवर होती. त्या हवेत नुसतं वळायलाच नऊशे अडतीस लागत होते."

अन्वीनं बोटांवर नव्हे, मनातच वजाबाकी केली. "अठरा."

"अठरा मीटर."

सहा मजल्यांची इमारत. तालुक्याला बसस्थानकासमोर एक आहे. अन्वी खाली मातीत बसली.  टिटवी जागची हलली नाही.

शेवटी अन्वीनं पोटातली गोष्ट बाहेर काढली. "माझं भाषण चार मिनिटांचं होतं. ते अकरा मिनिटं चाललं. मी सात मिनिटं वाढवली."

कुणी मोठं माणूस असतं तर म्हणालं असतं, असं मनात आणू नये बाळा. टिटवीनं गणित केलं.

"सात मिनिटांत तापमान पाव अंशानं वाढलं. एका अंशाला साधारण साडेतीन मीटर. तुझ्या सात मिनिटांचं एक मीटरही होत नाही."

"म्हणजे मी नीट बोलले असते..."

"तरी सतरा मीटर कमी पडले असते. ती वाचली नसती."

अन्वी रडली. गेल्या नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच मोकळी रडली. तिचा काहीच वाटा नव्हता, असं यंत्र म्हणालं नव्हतं. किती होता, ते मोजून सांगितलं होतं. त्यावर तिचा विश्वास बसला.

"मग बाकीचे मीटर कुणाचे?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"पाहुणे पावणेदहाला आले. त्यानंतर अकरा जण बोलले. तक्ता कुणी बदलला नाही. आणि चार सेकंदांनी वैमानिक 'ठीक आहे' म्हणाली. उड्डाण दहाच्या आत झालं असतं, तर तिच्या वीस मीटरांत भागलं असतं. मी दोष वाटत नाही, अन्वी. काय, कशानंतर घडलं, तेवढं सांगते."

घरी आबा ओसरीवर बसले होते. आबा म्हणजे ऋतुजाचे वडील. सत्कार समितीचे अध्यक्ष तेच होते. अपघातापासून त्यांनी दाढी केली नव्हती, आणि बोलणं तर जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

"बागेत गेली होतीस," ते म्हणाले. "यंत्र काय म्हणालं?"

अन्वीला खोटं बोलावंसं वाटलं. खूप वाटलं. पण तिनं त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं: फुगा, रेती, तक्ता, अठरा मीटर. पाहुण्यांचं तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं.

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "ऋतू साडेसहाला तयार होती," ते म्हणाले. "मला म्हणाली, आबा, मी आधी उडते, सत्कार नंतर करा. मी म्हणालो, पाहुणे यायच्या आधी कसं उडायचं, बरं दिसत नाही." त्यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "बरं दिसत नाही, म्हणालो."

अन्वीनं त्यांचा हात धरला. दिवेलागणीपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

पुढच्या महिन्यात शाळेच्या सभागृहात चौकशी मंडळाची जाहीर सुनावणी झाली. गाव लोटलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी अहवाल वाचला, पण घनता, तापमान, वळणाची त्रिज्या, हे सगळं लोकांच्या डोक्यावरून गेलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे चूक तिचीच ना?"

अन्वी उठली. परवानगी मागून पुढे गेली आणि रेतीत पळण्यापासून सुरुवात केली. ती अडखळली नाही. गावातलं प्रत्येक पोर तापीच्या रेतीत पळालेलं होतं, सगळ्यांना समजलं. तिनं आत्याचे चार सेकंदही लपवले नाहीत. "तिनं नाही म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "पण तिला नाही म्हणता येईल, असं आपण काही ठेवलं नव्हतं."

 मग पहिल्या रांगेतून आबा काठी टेकत उठले.

"उड्डाण मी थांबवलं होतं," ते लोकांकडे तोंड करून म्हणाले. "पाहुण्यांसाठी. ज्याला माझ्या मुलीला नावं ठेवायची असतील, त्यानं आधी माझ्याकडे यावं."

कुणीही गेलं नाही. गिरणीतल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या.

मंडळानं पावसाळ्यात नवा नियम केला. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला, तर नवा तक्ता हातात आल्याशिवाय विमानाचं चाक हलणार नाही. आणि वैमानिक 'आज नाही' म्हणाला, तर त्याला कारण विचारायचं नाही. नियमानं ऋतुजा परत आली नाही. तिची खोली तशीच बंद राहिली, आणि आबांची काठीही सुटली नाही.

ऑक्टोबरात, उन्हाचा पुन्हा भडका उडाला असताना, दूरच्या एका गावी तिथलाच एक तरुण वैमानिक प्रात्यक्षिकं दाखवायला गेला. समारंभ लांबला. दुपार झाली. त्यानं तक्ता पाहिला, तापमान पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून म्हणाला, "आज नाही." लोक चिडले. काहींनी शिट्ट्या मारल्या, काही जण बडबडत घरी गेले. त्यानं कुणाला कारण सांगितलं नाही.

दोन दिवसांनी अन्वी पडद्यावरच्या बातम्या आबांना वाचून दाखवत होती. आबांना आता नीट दिसत नव्हतं. बातमी अगदी लहान होती, खालच्या कोपऱ्यातली: रद्द झालेलं उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता झालं, मोजकीच माणसं हजर होती, विमान सुखरूप उतरलं.

आबा मान खाली घालून ऐकत होते.

"शेवटचा शब्द परत वाच," ते म्हणाले.

"उतरलं," अन्वी म्हणाली.