पुरुषांच्या हौदातला पंख

पाऊस नुसता कोसळत होता आणि माझी छत्री आगगाडीतच राहिली होती. कुरोसे स्टेशनातून धावत सुटले आणि पहिला आडोसा मिळाला तो गावच्या न्हाणीघराचा. दारावर निळा पडदा लोंबत होता. वर धुराड्यातून धूर येत नव्हता, पण ते माझ्या लक्षातच आलं नाही. बूट काढले, पिशवीतून टॉवेल काढला आणि गल्ल्यावर बसलेल्या तरुणासमोर उभी राहिले.

"एकीचे किती?"

तो गडबडून उठला. "न्हायचंय तुम्हाला?"

"न्हाणीघरात दुसरं काय करतात?"

"नाही, म्हणजे... हल्ली इथे..." त्यानं कान खाजवला. "पुरुषांच्या हौदात पंख आहे. बायकांच्या हौदात शेपूट."

माझ्या केसांतून पाणी टपटपत होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले... आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"विमान! ते इथे ठेवलंय? अहो, मी चिनात्सु होरिगुची. संग्रहालयाची नवी रसायनवाली. उद्यापासून तो पंख माझ्याच ताब्यात."

"हो का?" त्यानं हसू दाबलं. "पण टॉवेल कुणासाठी? पंखासाठी?"

तो शुनपेइ नाकाझोनो. न्हाणीघर त्याच्या वडिलांचं. घरोघरी न्हाण्या झाल्या, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. संग्रहालयाकडे एवढे मोठे हौद नव्हते, म्हणून विमान इथे आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी इथल्या उपसागरात बुडालेलं नौदलाचं टेहळणी विमान, कोळ्यांच्या जाळ्यात अडकून वर आलेलं. त्यातले दोघंही तेव्हा पोहत किनाऱ्याला लागले होते. त्यामुळे गावात त्याच्याविषयी बोलताना कुणी आवाज खाली करत नाही.

समुद्रातून काढलेलं अ‍ॅल्युमिनियम उघड्यावर ठेवलं तर आत मुरलेलं मीठ त्याचा भुगा करतं. म्हणून ते भिजत घालायचं, पाणी बदलायचं, मीठ किती उतरलं ते मोजायचं, पुन्हा भिजत घालायचं. मोजणारी मी, पाणी बदलणारा शुनपेइ.

पंखाच्या आतल्या बाजूला जुनं रोगण टिकून होतं, कोवळ्या बांबूच्या सालीसारखं हिरवं, पारदर्शक. आणि त्या रोगणात एक अंगठा उमटलेला होता. लहानसा. युद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यांत शाळकरी मुली राबत. त्यांतल्याच एकीनं ओल्या रोगणावर चुकून टेकवलेला असणार. मी त्यावर अलगद, न टेकवता, माझा अंगठा धरून बघितला.

"तुमचा मोठा आहे," शुनपेइ म्हणाला.

"किती गोड बोलता हो तुम्ही!"

"अंगठ्याबद्दल बोललो. बाकीचं... अजून बोललो नाही."

आणि कान लाल करून तो पाण्याचा नळ फिरवायला गेला.

रोज काम संपलं की तो मला थंडगार कॉफी-दुधाची बाटली द्यायचा. "न्हायला नाही मिळालं तरी दूध सोडायचं नाही. कमरेवर हात. एका दमात. हा या घराचा नियम आहे." मी ठसकायचे. तो खुशाल हसायचा.

आमच्या संचालिका इरिकीबाई मात्र हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पंख शहरातल्या जाणत्यांकडे पाठवावा, असं त्यांचं मत. पाण्यात थोडा सोडा घातला तर मीठ लवकर उतरेल, रोगणाला धक्का लागणार नाही, असं मी हट्टानं सांगितलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तो अंगठा पुसला गेला, तर होरिगुची, तुम्ही परतीचं तिकीट काढायचं."

मी सोडा घातला. पंखातून सुटणाऱ्या चिखलाच्या कुबट वासानं डोकं उठलं होतं; शुनपेइजवळ कुरकुर करून घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर हौदातलं पाणी हिरवंगार!

रोगण विरघळलं... ऐंशी वर्षं समुद्राला जे जमलं नाही, ते मी एका रात्रीत केलं. पाण्यातून पंख धड दिसतही नव्हता. इरिकीबाईंना फोन केला. "रंग गेला असावा. चूक माझी." त्या एवढंच म्हणाल्या, "निघते."

हौदाच्या कडेला बसून रडले. रडता रडता काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेतलं... हातांची सवय. अतिनील टॉर्च त्यावर धरला आणि पेला काजव्यासारखा उजळला!

मी रडायची थांबले. पहिल्याच दिवशी हाच टॉर्च मी रोगणावर मारला होता. ते मुळीच उजळलं नव्हतं. मग हे रोगण नव्हे. मग काय? नाक पेल्याशी नेलं. पाइनचा वास!

तेवढ्यात शुनपेइ दुधाच्या बाटल्या घेऊन, शीळ घालत आत आला. "काय, आज डोकं नाही ना दुखत?"

"यात... काय घातलंत तुम्ही?"

"अंघोळीच्या पाण्यात टाकायची हिरवी पूड. पाइनच्या वासाची. वडिलांच्या वेळची शिल्लक होती. तुम्हाला वासाचा त्रास होतो म्हणालात, म्हणून..." माझा चेहरा बघून त्याची शीळ, रंग, सगळंच उतरलं. "घालायची नव्हती?"

"बूच काढा! आधी बूच काढा!"

पाणी उतरू लागलं. तो गुडघ्यांवर बसला होता, मी त्याची बाही घट्ट धरली होती, आणि दोघंही श्वास रोखून बघत होतो. पंखाची कड... खिळ्यांची रांग... मग ते कोवळं हिरवं. आणि त्यात तो अंगठा, रेघ न् रेघ जागच्या जागी.

"आहे," मी म्हणाले. "आहे, आहे, आहे!" आणि पुन्हा रडले. हे रडणं मात्र फार सुखाचं होतं.

इरिकीबाई दारात उभ्या होत्या. शुनपेइनं कपाळ फरशीला टेकवलं. "चूक माझी. यांची नाही." त्यांनी रोगण निरखलं, पेल्याचा वास घेतला. "माझी आई हीच पूड वापरायची," त्या म्हणाल्या. जाता जाता मागे वळून, "होरिगुची, तिकीट राहू द्या. आणि नाकाझोनो, तुम्ही हौदात काहीही घालायचं नाही!"

आम्ही कोरड्या हौदाच्या काठावर बसलो. बाहेर पाऊस ओसरला होता.

"मीठ सगळं उतरायला अजून किती दिवस?" त्यानं विचारलं.

"वर्ष तरी जाईल. का?"

"मग तुम्ही दुसरीकडे जाणार." तो बाटलीचं झाकण उगाच फिरवत होता. "रोज चिमूटभर मीठ टाकलं मी... गुपचूप... तर मोजताना कळेल?"

"लगेच कळेल."

"तेच वाटलं."

"शुनपेइ," मी म्हणाले, "हौदात मीठ टाकण्यापेक्षा तू मला सरळ विचार ना."

त्या 'तू'नं तो चमकला. मग बाटली खाली ठेवली, कपाळावरचं ओलं बोटांनी पुसलं. "चिनात्सु... मीठ संपलं, तरी राहशील?"

मी उठले, कमरेवर हात ठेवला आणि आख्खी बाटली एका दमात संपवली. पहिल्यांदाच, न ठसकता.

"राहीन," मी म्हणाले. "या घराचे नियम आता जमायला लागलेत."