राखून ठेवलेला झटका

“चावी फिरव आणि थांब. गाडीला आधी शुद्धीवर येऊ दे. मग स्टार्टर मार.”

धवल हे सांगायचा तेव्हा त्याची बोटं लॅपटॉपवर असायची आणि नजर... नजर मात्र तिथं नसायची. इरावतीला ते कळायचं. कळलं की ती उगाचच ओढणी सारखी करायची आणि समोरच्या काचेवरच्या देवीच्या फोटोकडे बघत राहायची.

ओळख झाली ती पौषात, मावठ्याच्या दिवशी. दर मंगळवारी इरावती धारहून देवासला येई, टेकडीवर थोरली आणि धाकटी अशा दोन्ही देवींचं दर्शन घेई आणि परत जाई. नेम आईचा होता. आई गेल्यावर तिनं तो कुणाला न सांगता उचलला. त्या दिवशी उपास, तोही अळणी. बापू, म्हणजे तिचे वडील, खाली गाडीतच पोथी उघडून बसत. दम्यानं टेकडी त्यांना कधीच परकी झाली होती.

त्या मंगळवारी ती खाली उतरली तर बॅटरी उतरलेली. बापूंनी पोथीसाठी आतला दिवा आणि ऊब हवी म्हणून हीटरचा पंखा, दोन्ही चालू ठेवलं होतं. शेजारच्या जीपवाल्यानं भल्या मनानं वायरी जोडून दिल्या. पण दसऱ्याच्या पूजेत इरावतीनं बॅटरीच्या दोन्ही टोकांना नाडाछडी गुंडाळून वर कुंकू फासलं होतं. लाल टोक कुठलं आणि काळं कुठलं, हे देवीलाच ठाऊक. वायरी उलट्या लागल्या, बारीकसा फट् आवाज झाला आणि गाडी मुकी झाली.

समोरच्या गॅरेजमधून डोक्यावर पोतं घेऊन एक उंच मुलगा धावत आला. गॅरेज त्याच्या मामांचं. त्यानं बॉनेट उचललं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

“पूजा कोणी केली?”

“मी.”

“दोन्हीकडं लाल?”

“मग काय, एकीकडे नाडा बांधायचा नि दुसरीकडे ओकंबोकं ठेवायचं?”

त्यानं ओठ दाबून धरले. पण डोळे हसलेच. “तुमचं बरोबर आहे जी. पण ईसीएम उडाला. गाडीचा कॉम्प्युटर. डोकंच गेलं म्हणा ना.”

बापू आतून म्हणाले, “डोकं गेलं तरी चालेल भिया. धारपर्यंत पाय चालतील का, ते सांग.”

पाय चालले नाहीत. बापलेक बसनं परतले. पुढच्या मंगळवारी धवलनं भंगारात निघालेल्या एका गाडीचा कॉम्प्युटर आणून बसवला होता. मॉडेल तेच, पण इंजिन जास्त ताकदीचं.

“दुसऱ्याचं डोकं आहे,” तो वायर जोडत म्हणाला. “डिझेल किती सोडायचं, केव्हा सोडायचं, सगळं ह्याच्यात लिहिलेलं असतं. त्याला मॅप म्हणतात. जुना पुसायचा, तुमच्या गाडीचा लिहायचा. पिकअप पण वाढवून देतो, बापू मागं बसल्या बसल्या दचकतील.”

“आणि ह्यानं जुनं विसरलंच नाही तर?”

“तर शिकवत राहू ना. आपल्याला कुठं घाई आहे?”

बोलता बोलता शेवटचं वाक्य जरा हळू झालं. इरावतीनं ऐकलं नाहीसं दाखवलं.

गाडी मात्र बदलली. इंदूर बायपासचा चढ, जिथं पूर्वी ट्रकसुद्धा पुढे निघून जायचे, तो तिनं हसत पार केला. बापूंनी कौतुकानं सीटच थोपटली. फक्त एक होतं... दुसरा गिअर सोडून तिसरा टाकला की गाडी क्षणभर अडखळायची. पाऊल अर्धं उचलून कुणीतरी मागं वळून पाहावं, तशी.

“झटका देते,” तिनं पुढच्या मंगळवारी सांगितलं.

“देते का?” धवलनं फार गंभीर चेहरा केला. “बघावं लागेल.”

मग तो लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायचा आणि ती भोपाळ रस्त्यावर गाडी चालवायची. बापू गॅरेजात मामांशी गप्पा मारत बसायचे. परतताना धवल पेरू कापायचा. आपल्या फोडींवर जीरावनचा खारा मसाला भुरभुरवायचा आणि तिच्या फोडी कोऱ्या ठेवायचा, न विचारता. तिनं एकदाच सांगितलं होतं, मंगळवारी मीठ नाही.

“चिऊएवढं खातेस,” तो म्हणायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

“आणि झटका?”

“कमी झाला. थोडा राहिलाय... पुढच्या मंगळवारी काढू.”

असे कितीतरी मंगळवार गेले. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडल्या. एक दिवस त्यानं सांगितलं, कोइम्बतूरच्या एका रेसिंग टीमला आपलं काम पाठवलंय. शर्यतीच्या गाड्यांचे मॅप लिहायचे. “होणार नाही म्हणा. मामाच्या गॅरेजातल्या पोराला कोण विचारतंय?” असं म्हणताना त्याचे डोळे असे उजळले होते की इरावतीला पुढचा रस्ताच दिसेना.

टेकडीवर देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढायची चाल आहे. मनात मागणं धरून कुंकवानं उलटा काढायचा, मागणं पुरं झालं की येऊन सरळ करायचा. आणि मागणं कुणाला सांगायचं नाही. इतक्या वर्षांत इरावतीनं तिथं कधी बोट लावलं नव्हतं. त्या मंगळवारी लावलं. स्वतःसाठी काय मागायचं, हे हाताला शिकवलेलंच नव्हतं कुणी. तिनं देवीला म्हटलं, आई, त्याचं होऊ दे.

आईनं ऐकलं.

ज्येष्ठातल्या उन्हात धवल गॅरेजच्या दाराशीच उभा होता. फोन हातात. “झालं, इरा. बोलावलंय.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यानं फोन खिशात टाकला. “तू पण चल ना.”

“बापूंना घेऊन? शेजारच्या सरदारपूरला लग्नालासुद्धा मुक्कामाला राहत नाहीत ते. रात्री दम लागला की माझा आवाज लागतो त्यांना.”

“मग मी नाही जात. कळवतो तसं.”

“नाही धवल. देवीनं दिलेलं परत करायचं नसतं.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “देवीनं... म्हणजे तू हे मागितलं होतंस?”

तिनं मान खाली घातली. आता सांगायला हरकत नव्हती, मागणं पुरं झालं होतं.

“वेडी आहेस का गं? मी जावं म्हणून नवस केलास?”

“तुझं व्हावं म्हणून केला. जावं लागेल ते... ते माझ्या बोलण्यात नव्हतं.”

मग धवल गाडीत तिच्या शेजारी येऊन बसला, लॅपटॉप जोडला. “हा झटका आहे ना, तो पहिल्याच दिवशी काढता आला असता,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “मीच ठेवला होता. दर वेळी नवीन मॅप लिहायचो, एवढी जागा सोडून.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पेरू कोरे ठेवायला लागलास तेव्हापासून. इतकं लक्ष असणारा माणूस झटका विसरेल होय?”

तो हसला, पण ते हसू मध्येच कुठंतरी मोडलं. त्यानं ती शेवटची जागा भरून टाकली. “आता तू एकटी असशील. चढावर अडखळायला नको.” मग अगदी हळू म्हणाला, “तुला त्या दिवशी भिंतीपाशी पाहिलं होतं मी. तुझ्या स्वस्तिकाच्या उजवीकडे एक आहे बघ. वाकडातिकडा. माझा आहे. काय मागितलंय ते सांगणार नाही... सरळ करायला मीच येईन. तोवर पुसू देऊ नको. देशील वचन?”

इरावती शब्द सहसा देत नसे. दिला की तो नेम होई, आणि नेम मोडायची तिला सवय नव्हती. तिनं नुसती होकाराची मान हलवली.

तो गेला. पहिल्याच मंगळवारी तिनं आपला स्वस्तिक सरळ केला. आभार मानले, पण देवीला ते आभार वाटले की तक्रार, कोण जाणे.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग टीम गावोगाव हिंडू लागली आणि फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा सणासुदीवर. श्रावणात त्यानं बापूंची तब्येत विचारली. तिनं पेरूंना फुलं आलीत का विचारलं. तो म्हणाला, “इकडं दिसतच नाहीत गं.” त्यानंतर फोन आला नाही. तिनंही केला नाही. ज्याला जाऊ दिलं त्याला मागून हाका काय मारायच्या.

भाद्रपद संपता संपता बापूंना कुणीतरी सांगितलं, नवरात्राच्या आधी देवळाच्या भिंतींना चुना दिला.

बापूंनी ते तिच्यापासून लपवलं नाही. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “सगळं पांढरं झालं म्हणतात, बाळ. मागची भिंतसुद्धा.” मग जरा थांबून, “आज मंगळवार नाही. उद्या जा हवं तर.”

“आजच जाते, बापू. तुमचं जेवण झाकून ठेवलंय. इनहेलर उशाशी आहे.”

“तो येईल असं वाटतं तुला?”

इरावती कुंकवाची डबी रुमालात बांधत होती. गाठ मारून झाली तरी तिनं मान वर केली नाही. “नाही वाटत,” ती म्हणाली. “पण पुसू देणार नाही असं कबूल केलंय मी.”

बापू उठले. काठी टेकत दारापर्यंत आले आणि फाटकाची कडी त्यांनीच काढली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. तिनं चावी फिरवली आणि थांबली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, एकेक करून विझले. गाडी शुद्धीवर आली. मग तिनं स्टार्टर मारला.

कोपऱ्यावर वळताना तिनं दुसरा गिअर सोडून तिसरा टाकला आणि सवयीनं अंग सावरून धरलं. झटका आला नाही. गाडी एकसारखी, अगदी हलक्या पावलानं इंदूरच्या रस्त्याला लागली.